पू आहे, पण जंतू नाहीत: आतड्याचा आजार तोंडात आणि त्वचेवर उमटतो तेव्हा

हिरडीवर बारीक पिवळसर पुरळ आलं म्हणून एखादा माणूस दातांच्या डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर ओठ बाजूला करून तोंड पाहतात, क्षणभर थांबतात आणि विचारतात, "शौचाला कसं होतं? कधी रक्त पडतं का?" खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला वाटतं, यांनी आपलं नीट ऐकलेलंच दिसत नाही. दुखतंय हिरडीला आणि चौकशी चाललीय पोटाची!

खरं तर त्या घडीला याहून नेमका प्रश्न दुसरा नव्हता. आतड्याचे काही आजार आतड्यापुरते राहत नाहीत. ते तोंडात, ओठांवर, पायांच्या नडगीवर, काखेत किंवा पोटावरच्या टाक्यांभोवती उमटतात. त्यातले काही प्रकार इतके दुर्मीळ आहेत की एखाद्या डॉक्टरच्या सगळ्या कारकिर्दीत एखाददुसरा रुग्ण दिसतो. मग रुग्ण तोंडासाठी एकीकडे, त्वचेसाठी दुसरीकडे आणि पोटासाठी तिसरीकडे फिरत राहतो. तिघेही आपापल्या परीने बरोबर असतात, पण तिन्ही तक्रारी एकाच्या कानावर कधी पडतच नाहीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते.

हा लेख त्या तिन्ही गोष्टी एका जागी आणून बघण्यासाठी आहे.

आधी पोटाचं समजून घेऊ

इन्फ्लमेटरी बाउल डिसीज, थोडक्यात आयबीडी, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं राहणारा दाह. दाह याचा अर्थ इथे जळजळ एवढाच नाही. शरीराच्या संरक्षक पेशी एखाद्या जागी गोळा होतात, तिथे सूज येते, रक्तपुरवठा वाढतो, ऊतींची मोडतोड होते. या सगळ्याला मिळून दाह म्हणतात. जंतू शिरल्यावर असा दाह व्हायलाच हवा. आयबीडीमध्ये तो फारसं कारण नसताना पेटतो आणि विझायचं नाव घेत नाही.

याच्याशी नावाने मिळताजुळता आयबीएस नावाचा त्रास असतो आणि लोक दोन्हींची हमखास गल्लत करतात. आयबीएसमध्ये पोट दुखतं, बिघडतं, फुगतं. त्रास खराच असतो, पण आतड्याला जखमा होत नाहीत. आयबीडीमध्ये जखमा होतात. या लेखात जे काही आहे ते आयबीडीबद्दल आहे.

आयबीडीची दोन मुख्य रूपं. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात राहतो, सहसा गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर चढतो आणि आतड्याच्या फक्त आतल्या अस्तराला धरतो. क्रोन्स डिसीज मात्र पचनमार्गात कुठेही होऊ शकतो, मध्ये चांगला भाग सोडून पुढे पुन्हा उगवतो आणि आतड्याच्या भिंतीत आरपार जातो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये या आजाराचं वर्णन छापलं, तेव्हा तो लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाचा आजार समजला गेला होता. आज वैद्यकाच्या पुस्तकात त्याची व्याप्ती 'तोंडापासून गुदद्वारापर्यंत' अशी लिहिलेली असते.

पोटातला आजार तोंडात पोचतो कसा?

पचनमार्ग ही एकच लांब नळी आहे. तोंड हे तिचं पुढचं दार आणि गुदद्वार मागचं. आपण दातांचा डॉक्टर आणि पोटाचा डॉक्टर अशी वाटणी केली ती आपल्या सोयीसाठी. नळीला त्याची खबर नाही. त्यामुळे क्रोन्स ओठात किंवा गालाच्या आतल्या बाजूला झाला तर त्यात चमत्कारिक काही नाही. तो तोच आजार आहे, फक्त दाराशी येऊन बसलेला.

त्वचेचं काय? त्वचा काही त्या नळीचा भाग नाही. इथे रक्त मध्यस्थी करतं. आतड्यात चेतवल्या गेलेल्या संरक्षक पेशी रक्तातून सगळीकडे फिरतात. एरवी अशा पेशींवर कुठे उतरायचं याचा पत्ता असतो. आतड्यासाठी तयार झालेल्या पेशींच्या अंगावर एक खास रेणू असतो आणि आतड्यातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर त्याला जुळणारा दुसरा. कुलूप-किल्ली जुळली की पेशी तिथे उतरते. पण दाह फार भडकला की हे पत्ते नीट पाळले जात नाहीत आणि काही पेशी दूरच्या गावी उतरून तिथेही दंगा सुरू करतात.

तिसरी वाट अगदी साधी आहे. आतडंच बिघडलं तर अन्नातलं लोह, जस्त, फॉलिक ॲसिड, बी-१२ नीट शोषलं जात नाही. बी-१२ तर लहान आतड्याच्या शेवटच्या टोकातच शोषलं जातं, आणि क्रोन्सची आवडती जागा नेमकी तीच. त्यातून जीभ लालबुंद, गुळगुळीत होते, ओठांचे कोपरे चिरतात. जस्त फार कमी झालं तर तोंडाभोवती आणि हातापायांवर लालसर, खपल्या धरणारं पुरळ उठतं. यात दुर्मीळ काही नाही, रक्त तपासून कमतरता भरून काढता येते, म्हणून यावर जास्त थांबत नाही.

पण तोंड तर सगळ्यांनाच येतं

हो, येतं. दोन-चार महिन्यांनी गालाच्या आत एखादी छोटी, गोल, पांढरट जखम होते, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं, आणि आठ-दहा दिवसांत ती आपोआप भरते. आपण त्याला उष्णता म्हणतो आणि सोडून देतो. बहुतेक वेळा सोडून देणंच योग्य असतं.

आयबीडीच्या रुग्णांनाही असंच तोंड येतं, फक्त जास्त वेळा आणि अनेकदा पोटाचा त्रास वाढतो त्याच सुमाराला. जखमेकडे बघून ती कोणत्या प्रकारची आहे हे सांगता येत नाही. तेव्हा बघायचं ते जखमेच्या आसपासचं आयुष्य: वजन विनाकारण उतरतंय का, आठवडेच्या आठवडे जुलाब आहेत का, शौचात रक्त किंवा आव जाते का, रात्री झोपेतून उठून शौचाला पळावं लागतं का, अंगात बारीक ताप राहतो का. यातलं काही असेल तर तोंड येणं हा सुटा त्रास धरू नये. आणि तोंडातली कोणतीही जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर पोट कसंही असो, ती दाखवलीच पाहिजे, कारण तोंडाचा कर्करोगही न भरणाऱ्या जखमेच्या रूपातच सुरू होऊ शकतो.

गोगलगाय चालून गेल्यासारखी वाट

आता त्या दातांच्या डॉक्टरांना काय दिसलं असेल ते पाहू. हिरड्या, ओठांची आणि गालांची आतली बाजू, टाळू इथलं अस्तर लाल आणि जाडसर झालेलं. त्यावर मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक असंख्य पिवळट-पांढरे फोड. ते फुटतात, एकमेकांत मिसळतात आणि मागे वेड्यावाकड्या उथळ जखमा राहतात. गोगलगाय ओल्या फरशीवरून गेल्यावर जशी चकाकती वाट राहते तशी ही वाट दिसते, आणि वैद्यकीय पुस्तकांतही तिला गोगलगायीचीच उपमा दिलेली आहे. जीभ आणि जिभेखालची जागा बहुधा सुटते.

याचं नाव पायोस्टोमॅटायटिस व्हेजिटन्स. नाव लांबलचक आहे, पण फोडून पाहिलं तर सोपं: पू, तोंडाचा दाह आणि वाढ धरणारा. फ्रान्सचे त्वचारोगतज्ज्ञ आंरी हालोपो यांनी १८९८ मध्ये त्वचेवरच्या अशाच आजाराचे दोन रुग्ण नोंदवले होते. तोंडातल्या रूपाला आजचं नाव १९४९ मध्ये मॅकार्थी यांनी दिलं, आणि त्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिसशी असलेला संबंध १९६३ मध्ये स्पष्टपणे मांडला गेला. क्रोन्समध्येही तो दिसतो, पण कोलायटिसशी त्याचं नातं अधिक घट्ट आहे. काही जणांना तोंडाबरोबर काखेत, जांघेत किंवा डोक्यावर तसेच पुवाळलेले, जाड होत जाणारे चट्टे उठतात.

मला या आजारातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दिसायला तोंडाची अवस्था भयंकर असते, आणि पुष्कळदा दुखणं त्या मानाने कमी असतं. म्हणून माणूस अंगावर काढतो. फोडांत पू दिसतो म्हणून अँटिबायोटिक दिलं जातं, मग दुसरं, मग बुरशीचं औषध. काहीच लागू पडत नाही, कारण त्या पुवात जंतू नसतात. साप साप म्हणून भुई धोपटणं चालू राहतं.

निदानासाठी अस्तराचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, म्हणजेच बायोप्सी करतात. त्यात अस्तराच्या आतच पांढऱ्या पेशींचे बारीक साठे दिसतात. पेम्फिगस नावाचा फोडांचा एक वेगळा आजार हुबेहूब असाच दिसू शकतो आणि त्याचा उपचार निराळा आहे, म्हणून त्याच तुकड्यावर प्रतिपिंडांची खास तपासणीही करावी लागते. शिवाय बऱ्याच रुग्णांच्या रक्तात इओसिनोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. साध्या रक्त तपासणीत मिळणारा हा धागा सोडू नये.

आणि पोटाला काहीच होत नसेल तर? तरीही आतडं तपासायला हवं. बहुतेक वेळा आतड्याचा आजार आधी असतो आणि तोंडातलं नंतर येतं, पण आतड्यातला दाह इतका सौम्य असू शकतो की माणसाला तो जाणवलेलाच नसतो. तोंडाला स्टेरॉइडचं जेल किंवा गुळण्या देऊन थोडा आराम पडतो. टिकाऊ फरक पडतो तो बहुधा आतडं शांत झाल्यावर.

ओठ सुजला आणि उतरेना

दुसरं चित्र. एक ओठ सुजतो, दोन दिवसांनी उतरतो. ॲलर्जी असेल असं वाटतं. पुन्हा सुजतो, पुन्हा उतरतो. काही महिन्यांनी तो उतरतच नाही; घट्ट, जाड, रबरासारखा राहतो आणि मधोमध चिरतो. ॲलर्जीची गोळी घेऊन काही होत नाही.

अशा ओठाच्या बायोप्सीत ग्रॅन्युलोमा सापडू शकतो. ग्रॅन्युलोमा म्हणजे संरक्षक पेशींनी एकमेकींना चिकटून केलेली बारीक गाठ. जे नष्ट करता येत नाही त्याला निदान कोंडून ठेवू, असा हा शरीराचा डाव असतो. ओठ आणि चेहऱ्याच्या या आजाराला ओरोफेशियल ग्रॅन्युलोमॅटोसिस म्हणतात; १९८५ पासून हे नाव रूढ झालं. तो एकटाही असू शकतो. पण क्रोन्समध्ये तोंड थेट धरलं जातं तेव्हाही चित्र असंच असतं: सुजलेले ओठ, गालाच्या आत फरसबंदीच्या दगडांसारखे उंचवटे, अस्तराचे लोंबणारे तुकडे, हिरड्या लाल आणि गाल-हिरडीच्या खाचेत सुरीने कापल्यासारख्या लांबट खोल जखमा.

मुलांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावं. मुलांमध्ये ओठाची ही सूज पोटाच्या तक्रारीच्या आधी दिसू शकते. ज्या मुलाचा ओठ महिनोन्‌महिने सुजलेला आहे, त्याची उंची आणि वजन वयाप्रमाणे वाढतंय का हे बघणं ही सर्वात स्वस्त आणि सर्वात बोलकी तपासणी आहे. त्यानंतर शौचातलं कॅलप्रोटेक्टिन मोजता येतं. हे पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन आहे; शौचात ते वाढलेलं असलं तर आतड्याच्या आत दाह चालू असण्याची शक्यता असते, आणि मग दुर्बिणीने तपासायचं की नाही हे ठरवणं सोपं जातं.

ग्रॅन्युलोमा दिसला म्हणजे लगेच क्रोन्स, असं मात्र नाही. क्षयरोगात आणि सार्कॉइडोसिस नावाच्या, फुप्फुसासारख्या अवयवांत अशाच गाठी करणाऱ्या आजारातही ग्रॅन्युलोमा होतात. क्षय आहे की नाही हे आधी पाहणं अत्यावश्यक आहे, कारण क्रोन्सची काही औषधं सुप्त क्षयाला जागं करतात.

काही रुग्णांना दालचिनी आणि बेंझोएट नावाचं परिरक्षक आहारातून वगळल्यावर ओठाची सूज कमी झाल्याचं आढळलं आहे. हा आहार ओठाच्या या आजारापुरता आहे, सगळ्या आयबीडीसाठी नाही, आणि आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ठरावीक काळापुरता करून बघायचा असतो. मुलांना तर स्वतःच्या मनाने असे पथ्याचे प्रयोग करू नयेत. आधीच खुंटलेली वाढ आणखी खुंटेल.

नडगीवरच्या गाठी

त्वचेवरच्या आजारांत सर्वात जास्त दिसतो तो इरिथेमा नोडोसम. दोन्ही नडग्यांवर गरम, दुखऱ्या गाठी येतात, हात लावला तरी कळ जाते. पुस्तकांत त्या 'लाल' लिहिलेल्या असतात, पण सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली दिसतेच असं नाही. गाठ जांभळट किंवा नुसती गडद दिसते आणि डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळते. काही आठवड्यांत मार लागल्यासारखे रंग बदलत ती जाते, व्रण राहत नाही. आतड्याचा त्रास भडकला की ही येते आणि तो शमला की जाते. इतर कारणांनीही, म्हणजे घशाचा संसर्ग, क्षय किंवा काही औषधं यांमुळे, अशाच गाठी येतात.

एक सावधगिरी. या गाठी दुखतात म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी आणून खाल्ली जाते. अशा गोळ्यांनी काही आयबीडी रुग्णांचं आतडं पुन्हा पेटतं. दुखण्यावर काय घ्यायचं ते पोटाच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

जी जखम साफ केल्याने वाढते

आता या सगळ्यातल्या सर्वात अवघड आजाराकडे येऊ. पायाला एक पुळी येते, किंवा कुठेतरी जरासं लागतं. दोन दिवसांत ती रुपयाएवढी होते, आठवड्यात तळहाताएवढी. मधोमध खोल, ओली, पुवाळलेली जखम आणि भोवती जांभळट-निळसर कडा, जी खालून पोखरलेली असते. वेदना जखमेच्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त. हा पायोडर्मा गँग्रिनोसम.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ब्रन्स्टिंग, गेकरमन आणि ओलिअरी यांनी १९३० मध्ये याचे पाच रुग्ण नोंदवले. पाचांपैकी चौघांना अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. त्या काळी त्यांना हा जंतुसंसर्ग वाटला, म्हणून नावात 'पायोडर्मा', म्हणजे त्वचेतला पू, आणि 'गँग्रिनोसम', म्हणजे गँगरीन झाल्यासारखा, असे दोन्ही शब्द आले. आज आपल्याला माहीत आहे की मुळात हा संसर्गही नाही आणि गँगरीनही नाही. पण नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि आजही ते रुग्णाला घाबरवतं आणि बघणाऱ्याला चुकीच्या वाटेने नेतं.

मग पू कुठून आला? पू म्हणजे मुख्यतः न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा ढीग. या पेशी जंतूंशी लढणाऱ्या पहिल्या फळीतल्या. जंतू असले की त्या धावून जातात, लढतात, मरतात आणि पू होतो. म्हणून पू दिसला की जंतू असणार हे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. पण समजा, आग लागलेली नसताना भोंगा वाजला आणि बंब येऊन घरात पाणी मारू लागले, तर घराचं नुकसान होईलच. जळाल्याने नाही, पाण्याने. इथे तेच घडतं. न्यूट्रोफिल खोट्या भोंग्यावर येतात आणि जंतूंसाठी राखलेली विघटक रसायनं स्वतःच्या त्वचेवर ओततात.

आता अशा जखमेवर आपण एरवी काय करतो? मेलेला भाग कापून काढतो, खरवडतो, साफ करतो. साध्या पुवाळलेल्या जखमेसाठी ते बरोबर आहे. पायोडर्मामध्ये मात्र त्वचेला झालेली प्रत्येक इजा हा नवा भोंगा ठरू शकतो. या गुणधर्माला पॅथर्जी म्हणतात: सुई टोचली, टाके घातले, पट्टी ओढून काढली की तिथे नवी जखम उगवते. तो सगळ्यांत नसतो, साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत किंवा थोड्या अधिकांत दिसतो. पण तो ज्याच्यात आहे त्याची जखम कापली की वाढते, म्हणून आणखी खोल कापली जाते आणि आणखी वाढते. हे दुष्टचक्र थांबवायचं तर कोणीतरी सुरी खाली ठेवून 'हा संसर्ग नसेल तर?' असं विचारावं लागतं.

आयबीडीच्या रुग्णांपैकी सुमारे १ ते ३ टक्क्यांना हा आजार कधी ना कधी होतो. उलट बाजूने पाहिलं तर पायोडर्मा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना आयबीडी, संधिवाताचे काही प्रकार किंवा रक्ताचा एखादा आजार असतो. म्हणजे अशी जखम आधी दिसली तर पोटाची, सांध्यांची आणि रक्ताची चौकशी करायलाच हवी.

याचं एक विशेष त्रासदायक रूप स्टोमाभोवती होतं. स्टोमा म्हणजे शस्त्रक्रिया करून पोटावर काढलेली शौचाची वाट, जिच्यावर पिशवी चिकटवतात. पिशवीचा चिकट भाग रोज लागतो आणि निघतो, गळती झाली तर त्वचा सोलवटते, आणि तिथेच जखम उगवते. मग जखमेमुळे पिशवी नीट चिकटत नाही, आणि गळतीमुळे जखम वाढते. स्टोमाची काळजी शिकवणारी परिचारिका इथे डॉक्टरइतकीच उपयोगाची असते.

पण खरंच जंतू असले तर?

ही शंका रास्त आहे, आणि तिला बगल देऊन चालणार नाही. पायोडर्माचा मुख्य उपचार म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणं: स्टेरॉइड, सायक्लोस्पोरिन, इन्फ्लिक्सिमॅब. जखमेत खरोखर जंतूंचा हल्ला असेल आणि आपण पहारेकऱ्यांनाच झोपवलं, तर जीवावर बेतू शकतं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे ९५ रुग्ण नोंदवले आहेत, ज्यांना पायोडर्मा म्हटलं गेलं होतं आणि प्रत्यक्षात आजार निघाला दुसराच: रक्तवाहिन्यांचे आजार, कर्करोग, संसर्ग.

म्हणून पायोडर्माचं निदान एका तपासणीने होत नाही. जखमेच्या कडेचा तुकडा काढून जंतू, बुरशी, क्षय आणि कर्करोग नाही ना हे पाहतात. 'इजा करू नका म्हणता आणि तुकडा काढता?' असं रुग्ण विचारतात. यातला धोका खरा आहे, पण चुकीच्या निदानाचा धोका त्याहून मोठा आहे, म्हणून एक छोटा तुकडा घेणं परवडतं. मोठ्या भागाची कापाकापी करणं वेगळं.

उपचाराला वेळ लागतो हेही आधीच सांगितलेलं बरं. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि सायक्लोस्पोरिन यांची तुलना केली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्णांच्या जखमा भरल्या होत्या. म्हणजे दोन्ही औषधं सारखीच, आणि निम्म्याहून अधिक जणांना सहा महिने पुरले नाहीत. रोज जखमेकडे बघून ती भरते आहे की नाही हे कळत नाही. आठवड्यातून एकदा, शेजारी मोजपट्टी ठेवून, त्याच अंतरावरून फोटो काढला तर रुग्णालाही कळतं आणि डॉक्टरांनाही. व्रण मात्र बहुधा राहतो, चाळणीसारखा खड्ड्याखड्ड्यांचा.

'मेटास्टॅटिक' म्हणजे कर्करोग?

क्रोन्सच्या काही रुग्णांच्या त्वचेवर, आतड्यापासून दूर, म्हणजे पायावर, जननेंद्रियांजवळ किंवा त्वचेच्या घड्यांत, सूज, गाठी किंवा चिरा पडतात आणि बायोप्सीत आतड्यातल्यासारखेच ग्रॅन्युलोमा मिळतात. १९६५ मध्ये वर्णन झालेल्या या प्रकाराला पुढे 'मेटास्टॅटिक क्रोन्स' असं नाव पडलं. अहवालावर हा शब्द वाचून लोकांच्या पायाखालची जमीन सरकते. इथे त्याचा अर्थ 'दूरच्या जागी उमटलेला' एवढाच आहे. कर्करोगाशी याचा काही संबंध नाही, आणि अहवाल हातात देतानाच हे एक वाक्य सांगायला काहीही खर्च येत नाही.

स्वीट सिंड्रोमच्या बाबतीतही नावाने फसायला होतं. त्याचा साखरेशी संबंध नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथचे डॉक्टर रॉबर्ट स्वीट यांनी १९६४ मध्ये आठ स्त्रियांमध्ये तो वर्णन केला: अचानक ताप आणि चेहरा, मान, हात यांवर उंच, दुखरे चट्टे. यातही न्यूट्रोफिलचीच धाव असते, पण स्टेरॉइड दिलं की तो अनेकदा काही दिवसांतच झपाट्याने ओसरतो.

आयबीडी आणि त्याच्यासोबत उमटणारे तोंडाचे-त्वचेचे हे आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाहीत. एकाच ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, जखमेची पट्टी बदलल्याने घरच्यांना काही होत नाही.

पोट बरं झालं, मग तोंड आणि त्वचा का नाही?

याचं एक उत्तर वर सांगितलेल्या पत्त्यांत आहे. वेडोलिझुमॅब नावाचं औषध पेशींच्या अंगावरचा आतड्याचा पत्ताच झाकून टाकतं, त्यामुळे त्या आतड्यात उतरू शकत नाहीत. आतड्यापुरतं काम करणं हा त्याचा मोठा गुण आहे, कारण बाकी शरीराची प्रतिकारशक्ती फारशी कमी होत नाही. पण म्हणूनच त्वचेत किंवा तोंडात उतरलेल्या पेशींवर त्याचा भरवसा ठेवता येत नाही. इन्फ्लिक्सिमॅब आणि अडालिमुमॅब ही औषधं टीएनएफ नावाचा दाहाचा निरोप शरीरभर अडवतात, म्हणून त्वचेचा मोठा त्रास असेल तर डॉक्टर बहुधा त्यांच्याकडे वळतात.

दुसरं उत्तर आजाराच्या स्वभावात. इरिथेमा नोडोसम आतड्याच्या तालावर चालतो. पायोडर्मा तसा बांधलेला नाही; आतडं शांत असताना, अगदी मोठं आतडं शस्त्रक्रियेने काढून टाकल्यानंतरही तो उठू शकतो.

औषधामुळेच तर हे होत नाही ना?

कधीकधी होतं. टीएनएफ अडवणारी औषधं सोरायसिसवर वापरली जातात, आणि तरीही आयबीडीसाठी ती घेणाऱ्या काही जणांना तळहात, तळपाय आणि डोक्यावर सोरायसिससारखेच चट्टे उठतात. हे का होतं हे समजावताना डॉक्टरांचीही दमछाक होते: दाहाचा एक निरोप अडवला की दुसरा जोर धरतो. म्हणून औषध सुरू झाल्यावर आलेलं पुरळ आजाराचंच आहे असं धरून बसू नये, आणि स्वतःहून औषध बंदही करू नये. पुष्कळदा मलमांनी भागतं. नाही भागलं तर औषध बदलतात. ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध बरीच वर्षं घेणाऱ्यांना त्वचेच्या काही कर्करोगांचा धोका वाढतो, तेव्हा उन्हापासून जपणं आणि अंगावरच्या नव्या, न भरणाऱ्या डागाकडे लक्ष ठेवणं हा त्यांच्या उपचाराचाच भाग आहे.

एक शेवटची गोष्ट, जी बरं झाल्यावर विसरली जाते. ज्याला एकदा पायोडर्मा झाला आहे त्याला पुढे कधी हर्नियाचं, गुडघ्याचं किंवा दुसरं कुठलंही ऑपरेशन करावं लागू शकतं. ते करणाऱ्या सर्जनला पोटाचा जुना आजार माहीत असेलच असं नाही, आणि टाक्यांची जागा चार दिवसांत पुवाळली की तो साहजिकच ती उघडून साफ करायला घेईल. आधी कळलं असेल तर तो त्वचेच्या डॉक्टरांशी बोलतो, गरज असल्यास आधीच औषध सुरू करतो आणि टाके लाल झाले तर कापण्याआधी थांबतो. म्हणून 'पूर्वी पायोडर्मा गँग्रिनोसम झाला होता' हे फाइलच्या पहिल्याच पानावर, ॲलर्जीच्या रकान्याशेजारी, मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावं आणि घरातल्या आणखी एकाला तरी ते तोंडपाठ असावं.